एक मीटर बाय एक मीटर

गावाचं नाव डबका.
दांडिया बाजारातल्या घरी सांगितलं की हसतात,
डबक्यात काय मोजायचं असतं ते!
पण समुद्र येतो तिथे,
दिवसातून दोनदा, महीच्या तोंडातून आत,
चपला बाहेर काढून आल्यासारखा.

चौकट मी घरूनच नेते.
पीव्हीसीच्या चार नळ्या, स्कूटरला आडव्या बांधून.
रयजीभाई पढियार दर खेपेला विचारतात,
बेन, आज खिडकी कुठे बसवायची?
आणि मी ती आडवी ठेवते, गवतावर,
आणि आम्ही दोघं वाकून आत बघतो.

वर, पाळ्याच्या अंगाला, मारवेल.
ते त्याला जिंजवो म्हणतात.
पेरापेराला पांढरे केस,
शकूआत्याच्या हनुवटीवर होते तसे, विरळ आणि हट्टी.
मग दूर्वा, मग दूर्वाही नाही.
मग ते बुटकं, टोचरं, भुईसरपट खारं गवत:
पान चाटून बघा, म्हणाले. चाटलं.
मुळांनी प्यायलेलं मीठ
ते पानांवर आणून ठेवतं,
उष्टं काढून ठेवावं तसं.
त्याच्याही खाली मोरस, लालसर,
आणि मग चिखल, ज्यात माझी एक सँडल अजून आहे.

गवंड्याची पाण्याची नळी धरून उतार मोजला.
साठ पावलांत एक वीत.
तेवढ्या वितीत एवढे मुलूख.

मधल्या पट्ट्याला रयजीभाईंचा विळा लागत नाही.
म्हशीला नको का, म्हटलं.
एटलुं दरियानुं, म्हणाले,
आई ठेवायची, म्हणून मी.
पण पाळा उंच केल्यापासून
दर्याला आपला वाटा घ्यायला येता येत नाही,
आणि पाळ्याच्या अलीकडे, वाट्याच्या जागी,
वेडी बाभूळ शिरली आहे, काट्यांसकट, न विचारता.

फॉर्मवर जमिनीचे तीन प्रकार: शेती, वन, पडीक.
खानविलकर साहेब म्हणतात, पडीक लिहा, लवकर संपेल.

एप्रिलच्या त्या सकाळी
चिठ्ठी काढून आकडा आला सतरा-नऊ.
सतरा पावलं पुढे, नऊ उजवीकडे, चौकट ठेवली,
आणि डोक्यावर टिटवी फुटली.
आत, उघड्या भुईवर, चार अंडी,
मातीच्याच रंगाची, टोकं आत वळवून,
जणू चौघी काही ठरवत बसल्यात.
नियम सांगतो, चौकट हलवायची नाही.
मी हलवली नाही.
उभी राहून, हात मागे बांधून,
लांबूनच मोजलं: खारं गवत चाळीस टक्के,
दूर्वा सहा, उघडी माती उरलेली.
इतर, च्या रकान्यात लिहिलं, ४.
रयजीभाई पाळ्यावर पाठ करून बसले होते,
तिला लाज वाटू नये म्हणून.

अमावास्येच्या उधाणाला मी शहरात होते.
रात्री फोन केला. पाणी कुठवर आलं?
मोरस बुडाली.
आणि वर?
खाऱ्या गवताच्या अर्ध्यावर, फेस लागलाय.
आणि वर?
ते थांबले. म्हैस हंबरली.
अंधार होता बेन, म्हणाले,
पण ओरडत होती, म्हणजे आहे ती.

आज ऑफिसातून शेरा आलाय, लाल शाईत:
इतर म्हणजे कोणती प्रजाती? खुलासा करावा.

खुलासा उद्या.
आत्ता मोजे धुते आहे.
घोट्याशी रुतलेली कुसळं
पाणी लागताच पीळ सोडू लागलीत,
एकेक कूस गोल फिरत
न्हाणीच्या फरशीवर सरकते,
दोन लाद्यांच्या मधल्या फटीशी
थांबते,
टोक आत घालून बघते.